दुर्मिळता, निवड आणि संधी खर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थशास्त्राचं पहिलं प्रकरण बहुतेक जण एका बैठकीत उरकतात आणि मग वर्षभर त्यातल्याच शंका विचारत राहतात. त्यात त्यांची चूक नाही. विषय दिसतो सोपा, पण खाचाखोचा पुष्कळ. शिकवताना मला पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. काही पुस्तकांत संधी खर्चाला ‘वैकल्पिक खर्च’ किंवा ‘पर्यायी खर्च’ म्हणतात. अर्थ एकच, गोंधळू नका.

१. दुर्मिळता म्हणजे नेमकं काय? जी वस्तू थोडी, ती दुर्मिळ असंच ना?

नाही. रोजच्या बोलण्यात दुर्मिळ म्हणजे क्वचित सापडणारं. अर्थशास्त्रात कसोटी वेगळी आहे: ती वस्तू फुकट वाटायला काढली, तर ज्यांना हवी आहे त्या सगळ्यांना पुरेल का? पुरणार नसेल तर दुर्मिळ. मी पहिलीत असताना काढलेलं हत्तीचं चित्र जगात एकच आहे, पण ते कोणालाच नको आहे. म्हणून ते एकमेव असलं तरी दुर्मिळ नाही. उलट पृथ्वीवर जमीन सुमारे १५ कोटी चौरस किलोमीटर आहे, तरीही ती दुर्मिळ आहे, कारण प्रत्येक तुकड्यावर शेती, घर, रस्ता, जंगल अशा अनेकांचा डोळा असतो.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: साध्यं अनेक, साधनं मर्यादित आणि त्या साधनांना पर्यायी उपयोग. पहिल्या दोन सगळ्यांच्या लक्षात राहतात, तिसरी उत्तरपत्रिकेतून हमखास गळते. पण खरी मेख तिथेच आहे. साधनाला एकच उपयोग असेल, तर त्याबाबत निवड करायला उरतं काय? (याचा पुढचा भाग प्रश्न १३ मध्ये.)

२. मग टंचाई आणि दुर्मिळता यांत फरक काय?

टंचाईचं नातं किमतीशी असतं. एखाद्या ठरावीक किमतीला लोकांना जितकं हवं आहे, तितकं बाजारात येत नाही, ही टंचाई. किंमत बदलली किंवा पुरवठा वाढला की ती जाते. दुर्मिळता कुठल्याच किमतीला जात नाही.

१९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं. अमेरिकेत तेव्हा इंधनाच्या किमतींवर सरकारी नियंत्रण होतं. किंमत पुरेशी वर जाऊ शकली नाही आणि पंपांवर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. ही टंचाई झाली. रांगा पुढे संपल्या, पण पेट्रोल दुर्मिळच राहिलं. आणखी एक गोष्ट बघा. किंमत कमी ठेवली म्हणून पेट्रोल स्वस्त पडलं असं नाही, कारण लोक उरलेली किंमत रांगेतल्या तासांनी भरत होते.

३. ज्याच्याकडे अफाट पैसा आहे, त्याला कसली आली दुर्मिळता?

त्याच्याही दिवसाला २४ तासच असतात. एका संध्याकाळी तो एकाच ठिकाणी असू शकतो. उलट त्याच्या एका तासाला जितके चांगले पर्याय, तितका तो तास महाग.

४. हवा, सूर्यप्रकाश, समुद्राचं पाणी यांचं काय? तेही दुर्मिळ?

जिथे एकाने घेतल्यामुळे दुसऱ्याचं काही कमी होत नाही, तिथे नाही. अशा वस्तूंना मुक्त वस्तू म्हणतात. पण हे वस्तूच्या जातीवरून ठरत नाही, जागेवरून आणि वेळेवरून ठरतं. मोकळ्या मैदानात हवा मुक्त आहे. पाणबुडीत, अंतराळयानात किंवा खोल खाणीत तीच यंत्र लावून पुरवावी लागते. स्वच्छ हवा तर कित्येक शहरांत केव्हाच मुक्त वस्तूंच्या यादीतून बाहेर पडली.

आणि ‘मुक्त’ म्हणजे ‘फुकट मिळालेली’ नव्हे. भेट मिळालेलं पुस्तक तुम्हाला फुकट असेल, पण त्यासाठी कोणीतरी कागद, शाई आणि श्रम खर्च केलेले असतात.

५. संधी खर्च एका वाक्यात सांगाल?

एखादी गोष्ट निवडल्यामुळे हातचा सुटलेला सगळ्यात चांगला दुसरा पर्याय, त्याचं जे मोल तुम्हाला वाटत होतं, ते म्हणजे संधी खर्च. ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक फॉन वीझर यांच्या १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लेखनातून ही कल्पना रुजली.

एक वाक्य झालं. आता ते जवळून पाहू. परीक्षेची शेवटची २० मिनिटं उरली आहेत. एक दीर्घ प्रश्न बाकी आहे, तो घेतला तर ६ गुण मिळतील असं तुम्हाला वाटतं. एक आकृतीचा प्रश्न बाकी आहे, त्यात ५ मिळतील. नाहीतर लिहिलेलं पुन्हा तपासायचं, त्यातून २ गुण वाचतील. वेळ यांतल्या एकालाच पुरणार आहे. तुम्ही दीर्घ प्रश्न घेतला. त्याचा संधी खर्च किती? ५ गुण. आकृतीचा प्रश्न घेतला असता तर त्याचा संधी खर्च ६ झाला असता, म्हणजे मिळणाऱ्यापेक्षा गमावणं जास्त. निवड चूक की बरोबर हे एवढ्यावरूनच कळतं.

इथे पैशाचा संबंधच नाही, आणि हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. संधी खर्च म्हटलं की लोक आधी पाकीट चाचपतात.

६. पण सोडले तर दोन्ही पर्याय! मग ५ अधिक २, म्हणजे ७ का नाही?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर त्या २० मिनिटांतच आहे. दीर्घ प्रश्न सोडला असता, तरी आकृती आणि तपासणी ही दोन्ही कामं झाली नसती. जे एकत्र मिळणारच नव्हतं, ते एकत्र गमावलं असं कसं म्हणणार?

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १६ एप्रिल १९५३ च्या भाषणात शस्त्रस्पर्धेचा हिशेब असाच मांडला होता. एका आधुनिक जड बाँबफेकी विमानाचा खर्च म्हणजे ३० हून अधिक शहरांत एकेक पक्की शाळा. म्हणजेच दोन वीजकेंद्रं. म्हणजेच दोन सुसज्ज रुग्णालयं. म्हणजेच सुमारे ५० मैल काँक्रीटचा रस्ता. भाषण म्हणून प्रभावी आहेच, शिवाय खर्च डॉलरमध्ये न सांगता शाळांमध्ये सांगितला, हे अर्थशास्त्र म्हणूनही अव्वल. फक्त ऐकणाऱ्याने ती बेरीज समजू नये. प्रत्येक ‘म्हणजेच’च्या जागी ‘किंवा’ वाचायचं. विमान न बांधता शाळा झाल्या असत्या किंवा रुग्णालयं, दोन्ही नाही. त्या यादीतलं जे सगळ्यात मोलाचं, तोच विमानाचा संधी खर्च.

७. जो पर्याय सोडला, त्यासाठीही पैसे मोजावे लागले असते. ते वजा करायचे का?

हो, आणि इथे भलेभले घसरतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी सुमारे २०० अर्थतज्ज्ञांना असा प्रश्न विचारला होता: एरिक क्लॅप्टनच्या मैफलीचं तिकीट तुम्हाला फुकट मिळालं आहे, ते विकता येत नाही. त्याच रात्री बॉब डिलनची मैफल आहे आणि तोच तुमचा दुसरा उत्तम पर्याय. तिकीट ४० डॉलर, पण तुम्ही डिलनसाठी ५० डॉलरपर्यंत द्यायला तयार असता. तर क्लॅप्टनला जाण्याचा संधी खर्च किती? पर्याय चार: ०, १०, ४०, ५०.

वाचन थांबवून एकदा स्वतः ठरवा.

उत्तर १०. डिलनला गेला असता तर ५० चा आनंद मिळाला असता, पण त्यासाठी ४० मोजावे लागले असते. क्लॅप्टनला गेल्यामुळे तुमचं सुटलं ते फक्त वरचे १०. बरोबर उत्तर देणारे होते २१.६ टक्के. डोळे मिटून चारांतला एक निवडला असता तरी २५ टक्के बरोबर आले असते!

काही जणांनी नंतर असा युक्तिवाद केला की ‘खर्च’ हा शब्द ढोबळ अर्थाने घेतला तर ५० हेही उत्तर बसवता येतं. मुद्दा अगदीच पोकळ नाही. परीक्षेत मात्र १० लिहा, आणि वजाबाकी दाखवून लिहा.

८. खिशातून पैसा गेलाच नाही, तर खर्च कसला? जागा माझी, मेहनत माझी.

जागा तुमची आहे म्हणून तिला दुसरा उपयोग नाही असं होत नाही. समजा, एकीने घरातल्या मोकळ्या खोलीत स्वतःचा व्यवसाय थाटला. वर्षाची जमा १००. सामान, वीज, मदतनीस यांवर बाहेर गेलेले ६०. वहीत नफा दिसतो ४०. आता वहीत न दिसणारं पाहू. तेवढ्याच वेळात नोकरी केली असती तर ३० मिळाले असते. खोलीला भाडं ८ आलं असतं. घातलेल्या भांडवलावर व्याज ५. झाले ४३. वहीतला नफा ४०, आर्थिक नफा उणे ३.

याचा अर्थ तिने उद्या दुकान बंद करावं असा नाही. स्वतःच्या मर्जीने काम करण्याचं समाधान तिला ३ पेक्षा मोलाचं वाटत असेल, तर निर्णय योग्यच. पण ४० मिळाले या समजात राहू नये.

इथे चौकस वाचक अडवतो: प्रश्न ६ मध्ये बेरीज करू नका म्हणालात, आणि इथे ३०, ८ आणि ५ सरळ मिळवलेत! बरोबर पकडलंत. पण ही तीन वेगवेगळी साधनं आहेत, वेळ, खोली आणि भांडवल. प्रत्येकाचा एकेकच उत्तम पर्याय घेतला आहे, आणि हे तिन्ही एकाच वेळी शक्य होते: नोकरी करता करता खोली भाड्याने देता आली असती, पैसे ठेवीत टाकता आले असते. एकाच साधनाचे दोन पर्याय मात्र मिळवायचे नाहीत.

९. मी दोन वर्षं घालवली आहेत. आता सोडलं तर ती वाया जातील ना?

ती दोन वर्षं सोडलं तरी गेली, सोडलं नाही तरी गेली. याला बुडीत खर्च म्हणतात. संधी खर्च नेहमी पुढे पाहतो: आजपासूनच्या वेळेचा आणि पैशाचा सर्वोत्तम उपयोग कोणता? मागच्या दोन वर्षांत तुम्ही जे शिकलात ते पुढे उपयोगी पडणार असेल तर ते जरूर मोजा, पण ‘घालवली’ म्हणून नाही, ‘उपयोगी पडतील’ म्हणून.

या चुकीला काँकॉर्ड विमानाचं नाव चिकटलं आहे. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या प्रवासी विमानासाठी करार केला. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढला, गिऱ्हाइकं गळत गेली, तरी इतकं ओतलं आहे तर आता पूर्णच करू, हा सूर कायम राहिला. प्रवासी सेवा १९७६ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये संपली. विमानं बनली एकूण २०. काँकॉर्डच्या बाजूने बोलायचं तर करार मोडण्याची किंमतही दोन्ही सरकारांना मोजावी लागली असती. ती किंमत पुढची होती, तेव्हा ती मोजणं रास्तच होतं. आधी ओतलेला पैसा हे कारण मात्र रास्त नव्हतं.

एक बारकावा: जे विकून परत मिळू शकतं, तेवढं बुडीत नाही. यंत्र १०० ला घेतलं आणि आज ३५ ला जाईल, तर बुडाले ६५. ते यंत्र वापरत राहण्याचा संधी खर्च आजच्या ३५ वरून धरायचा.

१०. पूर्णवेळ शिक्षणाच्या संधी खर्चात काय काय येतं?

शुल्क, पुस्तकं आणि त्या काळात नोकरी केली असती तर मिळालं असतं ते उत्पन्न. राहण्या-जेवण्याचा खर्च येत नाही, कारण तो शिकलात नाही तरी झालाच असता. शिक्षणासाठी महागड्या जागी राहावं लागत असेल तर फक्त वरचा फरक धरा. मंदीच्या काळात लोक पुन्हा शिक्षणाकडे वळताना दिसतात त्यामागे हेच गणित आहे. नोकरीच मिळत नसेल तर बुडणारं उत्पन्न कमी, म्हणून शिक्षण स्वस्त. शुल्क मात्र तेच.

११. उत्पादन शक्यता वक्र बाहेर फुगलेला का काढतात? सरळ रेष चालणार नाही का?

हा वक्र म्हणजे सगळी साधनं पूर्ण वापरली तर दोन वस्तूंच्या कोणकोणत्या जोड्या बनवता येतात ते दाखवणारी रेघ. ती बाहेर फुगते, कारण संधी खर्च वाढत जातो. एक अर्थव्यवस्था फक्त यंत्रं आणि कपडे बनवते असं समजा. यंत्रं ०, १, २, ३, ४ अशी वाढवत नेली तर कपडे २०, १८, १४, ८, ० असे घटत जातात. पहिल्या यंत्राची किंमत २ कपडे, दुसऱ्याची ४, तिसऱ्याची ६, चौथ्याची ८. असं का? पहिल्या यंत्रासाठी आपण असे कामगार हलवतो जे शिवणकामात यथातथा आणि लोखंडकामात तरबेज आहेत. पुढे पुढे चांगले शिंपीच भट्टीपाशी उभे करावे लागतात. सगळी साधनं दोन्ही कामांना सारखीच चालली असती, तर रेष सरळ आली असती.

वक्राच्या आतला बिंदू म्हणजे साधनं रिकामी पडली आहेत किंवा नीट वापरली जात नाहीत. तिथून वक्रापर्यंत जाताना एक वाढवण्यासाठी दुसरं कमी करावं लागत नाही. वक्राबाहेरचा बिंदू आज अशक्य, नवं तंत्र किंवा जादा साधनं आली तर शक्य.

१२. एखादा देश सगळंच जास्त कुशलतेने करत असेल, तर त्याने दुसऱ्याकडून काही का घ्यावं?

कारण कौशल्य आणि संधी खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांचं १८१७ चं उदाहरण अजून कोणी मागे टाकलेलं नाही. ठरावीक कापडासाठी पोर्तुगालला ९० माणसांचं वर्षभराचं काम लागतं, इंग्लंडला १००. ठरावीक वाइनसाठी पोर्तुगालला ८०, इंग्लंडला १२०. दोन्हींत पोर्तुगाल सरस.

आता भागाकार करा. वाइनचा एक नग बनवताना पोर्तुगाल ८०/९०, म्हणजे सुमारे ०.८९ नग कापड सोडतो. इंग्लंड १२०/१००, म्हणजे १.२ नग. वाइन पोर्तुगालला स्वस्त पडते. कापडाचं उलटं: पोर्तुगालला एका नगासाठी १.१२५ नग वाइन सोडावी लागते, इंग्लंडला सुमारे ०.८३. कापड इंग्लंडला स्वस्त. एका वाइनला ०.८९ ते १.२ यांमधला कुठलाही कापडाचा भाव ठरला, तर दोघांचाही फायदा. दोन्ही कामांतल्या संधी खर्चाचं प्रमाण दोन्ही देशांत तंतोतंत सारखं असतं, तरच हा फायदा उरला नसता.

१३. दुसरा पर्यायच नसेल तर संधी खर्च शून्य?

हो, पण असं क्वचितच असतं. डोंगरातून खोदलेल्या बोगद्याचा रेल्वेखेरीज काही उपयोग नसेल, तर तो वापरण्याचा संधी खर्च जवळजवळ शून्य. खोदण्यापूर्वी तो शून्य नव्हता, तेव्हा माणसं आणि पैसा दुसरीकडे लावता आला असता. म्हणून ‘खर्च किती’ याआधी ‘निर्णय कधीचा’ हे विचारायचं.

‘माझ्यापुढे पर्यायच नव्हता’ हे मात्र बहुतेकदा ‘बाकीचे पर्याय फार वाईट होते’ याचं दुसरं रूप असतं. इकडे आड तिकडे विहीर असली तरी निवड असतेच, आणि तेव्हा संधी खर्च कमी असतो, कारण दुसरा पर्यायही वाईटच.

१४. डिजिटल फाइलच्या कितीही प्रती निघतात. मग तिथे दुर्मिळता संपली?

प्रतीपुरती जवळजवळ संपली. ती फाइल प्रश्न ४ मधल्या मुक्त वस्तूसारखी वागते. पण ती पहिल्यांदा तयार करणाऱ्याचा वेळ दुर्मिळ होता, आणि ऐकणाऱ्या-वाचणाऱ्याचं लक्षही दुर्मिळ आहे. लाख गाणी फुकट मिळाली तरी एका तासात १५-२० च ऐकून होतात.

१५. सरकारने कमी पैशांत काम करून घेतलं, तर खर्च कमी झाला ना?

तिजोरीचा झाला, समाजाचा नाही. सक्तीची सैन्यभरती हे याचं नेहमीचं उदाहरण. सैनिकाला पगार ४० दिला, पण बाहेर तो ७० कमावू शकत होता. अंदाजपत्रकात ४० दिसतात, संधी खर्च ७० आहे, आणि वरचे ३० त्या तरुणाने मुकाट भरले. अर्थतज्ज्ञ वॉल्टर ओई यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या भरतीबाबत हाच हिशेब आकड्यांनिशी मांडला. १९७३ मध्ये तिथली सक्तीची भरती थांबली. त्यामागे व्हिएतनाम युद्धावरचा रोष होताच, पण पगाराचा आकडा म्हणजे खर्च नव्हे हा युक्तिवादही त्या वादात वजनदार ठरला.

१६. प्रत्येक गोष्टीचा असा हिशेब करत बसलं, तर जगायचं कधी?

रास्त तक्रार आहे. हिशेब करायलाही वेळ लागतो, आणि त्या वेळेलाही संधी खर्च असतो. मग किती वेळ हिशेब करावा, याचाही हिशेब करायचा का? आणि त्याचा? ही साखळी तर्काने कुठेच थांबत नाही.

हर्बर्ट सायमन यांनी, ज्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ती वेगळ्या जागी तोडली. त्यांच्या मते माणसं सर्वोत्तम पर्याय शोधत नाहीत. ती मनाशी एक पातळी ठरवतात आणि त्या पातळीला उतरणारा पहिला पर्याय सापडला की थांबतात. घर शोधणारा माणूस शहरातली सगळी घरं पाहत नाही. सात-आठ पाहतो, नववं बरं वाटतं, बोलणी सुरू करतो. दहाव्या घरात काय होतं हे त्याला कधीच कळत नाही. शोध लांबला आणि काहीच पटेना, तर तो ती पातळीच थोडी खाली आणतो.